मदत हवी आहे: यूपीएसला पोर्ट नाही, लाईट गेल्यावर कॉम्प्युटर आपोआप बंद कसा करू?

नमस्कार मंडळी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका छोट्या दूध संस्थेत मी संकलन बघतो. वजनकाटा आणि फॅट मशीन एकाच कॉम्प्युटरला जोडलंय. गावठाण फीडरवर (शेतीपंपांपासून वेगळ्या, गावाच्या लाईनवर) असलो तरी पाऊस लागला की लाईटीचं काही खरं नसतं.

मी समोर असताना लाईट गेली तर अडचण नाही. यूपीएस कोकलायला लागला की चालू नोंद पुरी करतो आणि मशीन बंद करतो. भानगड रात्रीची आहे. संध्याकाळचं दूध गेलं की बॅकअप लावून मी आठला घरी जातो. आमचं नेट असं की तो वर चढायला तासभर लागतो. परवा मध्येच लाईट गेली, यूपीएस बसला आणि कॉम्प्युटर धाडकन बंद. सकाळी पावणेसहाला दारात किटल्या घेऊन माणसं उभी, आणि स्क्रीनवर 'डेटा फाईल उघडता येत नाही'. सकाळचं सगळं वहीत घेतलं. आदल्या दिवशीची प्रत होती म्हणून वाचलो, तरी संध्याकाळच्या साठेक नोंदी लोकांच्या पावत्या मागून परत भरल्या. एका आजींची पावती हरवलेली. त्या म्हणाल्या, "फॅट साडेआठ होतं बघ." भरलं, काय करणार.

यूपीएस ६०० व्हीएचा, आत १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तासांची) एक बॅटरी, तीन वर्षं झाली. मागे यूएसबी पोर्ट नाही. नवीन घ्यायचा विषय मीटिंगपुढे ठेवला तर दिवाळी उजाडेल. काही जुगाड आहे का?

बांधावरचा: सरळ इन्व्हर्टर बसवा की. मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवलं की कॉम्प्युटर रिस्टार्ट होत नाही. आमच्या दुकानात तेच आहे.

उलटा फेज: बांधावरचे दादा, यूपीएस मोडवर इन्व्हर्टर साधारण १८० व्होल्टच्या खाली लाईट आत घेतच नाही. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडलं की तो लाईट असूनही बॅटरीवर चालतो, आणि खरी गेली तेव्हा बॅटरी रिकामी. शिवाय मूळ प्रश्न तसाच राहतो: कॉम्प्युटरला लाईट गेल्याचं कळणार कसं?

धागाकर्ते दादा, पोर्ट नसला तरी कळवता येतं. तुमचा राउटर यूपीएसवर आहे का? असेल तर काढा आणि थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. लाईट गेली की राउटर मरेल, कॉम्प्युटर यूपीएसवर जिवंत राहील. आता एक छोटी बॅच फाईल (कमांड लिहिलेली साधी फाईल) करून विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत, दर मिनिटाला लावा. तिनं राउटरला पिंग करायचं, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारायची, आणि लागोपाठ दोनदा उत्तर आलं नाही तर मशीन हायबरनेट करायचं (चालू काम डिस्कवर ठेवून बंद). एकदाच चुकलं म्हणून झोपवू नका, राउटरला मधूनमधून उचकी लागतेच.

यात दोन खाचखळगे आहेत. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' (समोरचा सापडत नाही) आलं तरी विंडोजचं पिंग कधीकधी यशस्वी म्हणूनच परत येतं. म्हणून नुसत्या निकालावर जाऊ नका, उत्तरात 'टीटीएल' हा शब्द आहे का ते शोधा, राउटरनं खरंच उत्तर दिलं तरच तो दिसतो. दुसरं, शटडाऊनऐवजी हायबरनेट अशासाठी की शटडाऊनला एखादा प्रोग्रॅम 'सेव्ह करू का?' विचारत अडून बसतो, आणि हो म्हणायला तिथं कुणी नसतं. हायबरनेटमध्ये सगळं आहे तसं डिस्कवर उतरतं. बॅकअप तुटेल, तो सकाळी परत लावा.

सोल्डरची वाफ: हे सगळं ठीक, पण बॅटरी तीन वर्षांची आहे! १२ गुणिले ७ म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास. एवढ्या छोट्या बॅटरीतून जोरात ओढलं की नवी असतानाही तेवढं मिळत नाही, जुनीचं तर विचारू नका. दुपारी काम नसताना सगळे प्रोग्रॅम बंद करा, यूपीएसचं बटण भिंतीवरून बंद करा आणि घड्याळ लावून बघा किती वेळ टिकतोय. मग दोन मिनिटं थांबायचं की एकच, ते ठरेल. आणि लेझर प्रिंटर त्याच यूपीएसवर नाही ना? तो फार ओढतो.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. प्रिंटर त्यावरच होता, हे लिहिताना लाज वाटतेय. काढला. आज दुपारी घड्याळ लावून बघितलं: एक मिनिट पन्नास सेकंद! म्हणजे दोनदा पिंग चुकेपर्यंतच यूपीएस बसणार. उलटा फेज, बॅटरी बदलेपर्यंत फाईल दर वीस सेकंदांनी चालवता येईल का?

उलटा फेज: शेड्युलर मिनिटाच्या खाली जात नाही. फाईलमध्येच वीस सेकंद थांबायचा लूप टाका आणि ती कॉम्प्युटर चालू होतानाच सुरू होऊ द्या. तीनदा चुकलं की हायबरनेट. म्हणजे साधारण एका मिनिटात झोपायला लागेल. पण दादा, बॅटरीसाठी मीटिंगची वाट बघू नका, किरकोळ खर्चात टाका.

धागाकर्ता: सेक्रेटरींना आजींचं साडेआठ फॅट दाखवलं. उद्याच आणा म्हणाले.