जुना रेल्वेमार्ग की पाण्याचा काठ: सायकलीला आणि चालण्याला कोणती वाट सोयीची?

प्रश्न
नमस्कार. मी रोज कामावर सायकलने जातो आणि सुट्टीच्या दिवशी आईला घेऊन फिरायला जातो, त्यामुळे सायकलस्वाराची आणि पादचाऱ्याची, अशा दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर केलेली वाट आणि नदीच्या किंवा समुद्राच्या काठाने जाणारी वाट, यांपैकी कोणती अधिक सोयीची ठरते? दोघांनी एकाच पट्ट्यावरून जाणे कितपत योग्य आहे? परवा मागून भरधाव आलेल्या सायकलीमुळे आई इतकी दचकली की तिने कठडा घट्ट धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

पहिले उत्तर
रेल्वेच्या वाटेचा खरा गुण म्हणजे तिचा मंद चढ. पोलादी चाक पोलादी रुळावर सहज घसरत असल्यामुळे मुख्य मार्गांवरचा चढ बहुधा शंभर मीटरला एक-दोन मीटरच ठेवलेला असतो. टेकडी आली तिथे बोगदा खणला, सखल भाग आला तिथे भराव घातला. त्या जुन्या श्रमांचे फळ आज सायकलस्वाराच्या गुडघ्यांना मिळते. इंग्लंडमधील ब्रिस्टल ते बाथ ही सुमारे २१ किलोमीटरची वाट १९७९ ते १९८६ या काळात जुन्या रेल्वेमार्गावर तयार झाली आणि आजही लोक तिच्यावरून कामाला जातात. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील एलरॉय-स्पार्टा वाटेवर तीन बोगदे आहेत. त्यांतील सर्वांत लांब बोगदा एक किलोमीटरहून मोठा असून आत सायकल हातात धरून, विजेरी घेऊन चालावे लागते.
मात्र रूळ उखडले म्हणजे वाट तयार झाली, असे होत नाही. रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरांना कुजू नयेत म्हणून लावलेले क्रिओसोट हे रसायन आणि तण मारण्यासाठी वर्षानुवर्षे फवारलेली औषधे मातीत मुरलेली असू शकतात, म्हणून आधी माती तपासून घेणे अगत्याचे असते.

दुसरे उत्तर
काठाच्या वाटेवर चढ नसतो, पण वारा असतो, आणि समोरून येणारा वारा चढाइतकाच दमवतो. शिवाय ही वाट पुलाखालून जाताना बहुधा खाली उतरते. पुराचे पाणी प्रथम तिथेच शिरते आणि ओसरल्यावर गाळाचा असा पातळ थर ठेवून जाते की वळताना चाक हमखास सटकते. लाकडी फळ्यांच्या वाटेवर फळ्या आडव्या बसवलेल्या हव्यात. उभ्या, म्हणजे वाटेच्या दिशेने, बसवल्या तर त्यांच्या फटीत अरुंद टायर अडकतो.
आपल्या आईंबद्दल वाचून वाईट वाटले. काठावर माणसे पाणी पाहायला थांबतात, मुले एकदम धावतात, आणि त्यात त्यांची काहीच चूक नाही. म्हणून गर्दीच्या काठावर घंटी वाजवण्याच्या शिस्तीवर विसंबू नये, पट्टेच वेगळे करावेत, असे माझे ठाम मत आहे. शिकागोच्या तलावाकाठच्या सुमारे २९ किलोमीटरच्या वाटेवर असे विभाजन २०१८ मध्ये पूर्ण झाले. कॅनडातील व्हँकूव्हरच्या स्टॅनली पार्कमधील काठावर सायकलींना एकाच दिशेने जावे लागते, त्यामुळे चालणाऱ्याला निदान कोणत्या बाजूने सायकल येणार हे कळते.

तिसरे उत्तर
वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, पण एक मुद्दा राहिला. वाट कितीही सुंदर असली तरी तिच्यावर चढायचे कुठून? रेल्वेचा भराव रस्त्यापेक्षा कित्येक मीटर उंच असतो आणि तिथे नुसता जिना केला की सायकल, चाकांची खुर्ची आणि बाबागाडी तिन्ही खालीच राहतात. मंद उताराला जागा फार लागते. ती सुरुवातीच्या आराखड्यातच राखून ठेवली नाही, तर पुढे मिळत नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर
सर्वांचे मनापासून आभार. आईला काठावर न्यायचे ते आता सकाळी लवकर, सायकलींची वर्दळ सुरू होण्याआधी. मी स्वतः कामाला रेल्वेच्या वाटेने जाईन आणि माणूस दिसला की वेग कमी करीन.