तिशी उलटल्यावरच भारतीय?

राजवाडा_कट्टा:
ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावला आपण फुटबॉलमध्ये सिंगापूरकडून १-२ हरलो आणि २०२७ चा आशिया चषक गेला. पुढच्याच महिन्यात बातमी: फुटबॉलपटू रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला. आई मुंबईची, तो ऑस्ट्रेलियात जन्मलेला, वय ३२. त्याच्याआधी २०१३ मध्ये अराता इझुमी जपानचं नागरिकत्व सोडून आपल्याकडून खेळला, तोही तिशीत. मला हा योगायोग वाटत नाही. बाविशीतल्या पोराने युरोपचा पासपोर्ट टाकला, तर तिथल्या क्लबात तो परदेशी ठरणार. एवढी जोखीम कोण घेईल? उतरणीला लागल्यावर मात्र परवडतं. खेळाडूंपुरतं तरी दुहेरी नागरिकत्व द्या.

महूचा_स्टॉपर:
अहो, मग जर्सी फुकटच वाटा की! विल्यम्सला मी मान देतो, कारण त्याने सोडून दाखवलं. २०१९ मध्ये तो ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामनाही खेळला होता. पण दोन पासपोर्ट खिशात आणि जिकडे बोलावणं तिकडे मी, हे नाही पटत.

सराफा_रात्री_बारा:
सरळ ओसीआयवाल्यांना, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या कार्डधारकांना, खेळवा ना भिया. कार्ड सरकारनेच दिलंय.

नियमावली:
ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, आजन्म व्हिसा समजा. फिफाला नागरिकत्वच लागतं. त्यामुळे क्रीडा खात्याने 'फक्त भारतीय नागरिकच देशाकडून खेळतील' हे २००८ चं धोरण उद्या मागे घेतलं, तरी फुटबॉलमध्ये काही हलणार नाही. आपल्या कायद्यात दोन नागरिकत्वं एकत्र ठेवताच येत नाहीत, खरी अडचण ती. ती फुटबॉलसाठी कुणी दूर करेल? विसरा.

राजवाडा_कट्टा:
मोरोक्को पाहा. २०२२ च्या विश्वचषकात उपांत्य फेरी गाठली; २६ पैकी १४ जण परदेशात जन्मलेले. त्यांचा बचावपटू हकिमी माद्रिदमध्ये जन्मलेला. आणि आपण इंदूरकरांनी तर बोलूच नये. क्रिकेटची १९४५ ची रणजी फायनल आपला होळकर संघ डेनिस कॉम्प्टनला घेऊन खेळला. महूच्या छावणीतला इंग्रज, वर आर्सेनलचा फुटबॉलपटू. नाबाद २४९ ठोकले!

महूचा_स्टॉपर:
आणि जिंकली मुंबई, ते गाळलंत. होळकर संघ म्हणजे देश नव्हे. कॉम्प्टन पुढेही इंग्लंडकडूनच खेळला ना? मोरोक्को सांगता तर मलेशियाही सांगा: २०२५ मध्ये सात खेळाडूंसाठी आजी-आजोबांच्या मलेशियातल्या जन्माचे बनावट कागद दिले, म्हणून फिफाने कारवाई केली. आपल्याकडे दाखले कसे 'मिळतात' हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

खेळाडूची_आई:
माझा मुलगा १३ वर्षांचा, स्ट्रायकर. म्हणजे होता. मागच्या महिन्यात प्रशिक्षकांनी त्याला विंगवर, मैदानाच्या कडेला टाकलं. "मोठ्या क्लबात नऊ नंबर, म्हणजे मुख्य स्ट्रायकर, परदेशीच असतो, तिथे तुझा नंबर कधी लागणार?" त्याने घरी येऊन बूटसुद्धा काढले नाहीत, तसाच बसून राहिला. भारताचा स्ट्रायकर सुनील छेत्रीला चाळिशीत निवृत्तीतून परत बोलवावं लागलं, ते यामुळेच ना? आधी आयएसएलमध्ये, आपल्या मोठ्या क्लबांच्या लीगमध्ये, एक तरी भारतीय फॉरवर्ड सक्तीने खेळवा. पासपोर्टचं नंतर बघू.

राजवाडा_कट्टा:
ताई, पटतंय. पण ती पोरं तयार व्हायला दहा वर्षं जातील. तोवर गोल कोण मारणार?

खेळाडूची_आई:
आत्ता तरी कोण मारतंय? निदान विंगची जागा तरी आमच्या पोरांना राहू द्या.

नियमावली:
ताई, विल्यम्स विंगरच आहे.