गोतावळा ग्रुप: रामेछाप ते लुक्ला, 18 मिनिटं

अनघा: काका, एव्हरेस्ट बेस कॅम्प नक्की झालं! बाबा आणि मी, ऑक्टोबरमध्ये. विमान काठमांडूहून नाही, रामेछापहून आहे. ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लापर्यंत नकाशावर सरळ अंतर जेमतेम 73 किमी येतंय. ट्रेकवाले म्हणाले, 18-20 मिनिटांत पोचाल. म्हणून परतीला सकाळी लुक्ला सोडून त्याच रात्री काठमांडू-मुंबई धरलंय.

मोहनकाका: वा! दोघांचंही अभिनंदन. पण ते रात्रीचं तिकीट आधी बदल.

रेखाआत्या: का रे दादा? इतकं जवळ तर आहे.

मोहनकाका: विमानात बसल्यावर 18 मिनिटंच लागतात, मी घड्याळ लावून बघितलंय. पण बसायला कधी मिळेल ते लुक्लाच्या हवेवर. तिथे पायलट डोळ्यांनी बघूनच उतरवतो. धावपट्टी 527 मीटरची, एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला दरी. अगदी जवळ आल्यावर विमान परत वर उचलायला जागाच नाही. त्यामुळे ढग उतरले की खालून विमान सोडत नाहीत. दुपारी वारा वाढतो, म्हणून सगळी धावपळ सकाळची.

आम्ही 2022 ला परतताना दोन दिवस लुक्लात अडकलो. बॅगा बांधून, बूट घालून लॉजच्या खिडकीशी बसून राहायचो. समोरचा डोंगर अर्धा दिसायचा, परत पुसला जायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या विमानाचा आवाज आला आणि सगळा लॉज दारात. आमचं मुंबईचं विमान तोवर गेलेलं. बरोबरच्या एकाच्या वडिलांचं ऑपरेशन होतं, त्याला पोचता आलं नाही. ते अजून लागतं मनाला.

बाबा: दादा, धावपट्टी उतरती आहे म्हणे?

मोहनकाका: हो, 11.7 टक्के. म्हणजे एका टोकापेक्षा दुसरं टोक साधारण 60 मीटर उंच, वीस मजली इमारतीएवढं. उतरताना चढावर उतरतं म्हणून लवकर थांबतं. उडताना उतारावर पळत सुटतं. 2,845 मीटरवर हवा विरळ, वेग जास्त लागतो, तो उतार मिळवून देतो. पायलट ब्रेक दाबून इंजिन पूर्ण जोरात नेतो, सगळं विमान थरथरतं आणि मग सोडतो.

आजी: मोहन, लेकरं नीट येतील ना रे?

मोहनकाका: येतील गं आई. हवा वाईट असली की सोडतच नाहीत, म्हणून तर थांबायला लागतं. अनघा, जातानाचंही ऐक. सीझनमध्ये काठमांडूच्या एकाच धावपट्टीवर गर्दी होते, म्हणून लुक्लाची विमानं रामेछापला हलवतात. तिथवर रस्त्याने चार-पाच तास. रात्री एक-दोनला निघायचं, बाबांना आदल्या दिवशी झोपू दे. सामान माणशी 15 किलो, हातातली पिशवी धरून. आणि डावीकडची खिडकी मिळाली तर घ्या, बर्फाचे डोंगर त्या बाजूला.

अनघा: तिकीट तीन दिवस पुढे नेलं काका. वरचे पैसे भरले.

रेखाआत्या: वसुबारसेच्या आत घरी ना?

अनघा: हो गं आत्या, तीन दिवस धरूनही चार दिवस आधी.