२००९ मधील क्षयरोग उपचारांचा दाखला कसा मिळवावा? मदत हवी आहे

सांगलीत राहणाऱ्या माझ्या आईची (वय ६६) अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसासाठीची वैद्यकीय तपासणी गेल्या आठवड्यात मुंबईत, वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडे झाली. छातीच्या एक्स-रेमध्ये उजवीकडे वरच्या भागात जुना व्रण दिसल्यामुळे लागोपाठ तीन दिवस सकाळी थुंकीचे नमुने घेण्यात आले असून कल्चरच्या (नमुन्यातील जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीच्या) अंतिम अहवालाला सुमारे आठ आठवडे लागतील. तिला खोकला वा ताप नाही. मधुमेह आहे, पण आटोक्यात आहे.

डॉक्टरांनी जुन्या उपचारांची कागदपत्रे मागितली आहेत. २००९ मध्ये तिने सरकारी डॉट्सचा (देखरेखीखाली क्षयरोगाच्या गोळ्या देण्याच्या पद्धतीचा) सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण केला होता, परंतु उपचारपत्रिका २०१९ च्या महापुरात गेली. माळ्यावर असल्यामुळे वाचली ती एकच एक्स-रे फिल्म. कडा चिकटल्या आहेत, तरी कोपऱ्यातील नाव आणि तारीख वाचता येते. निक्षय ही क्षयरुग्णांच्या नोंदींची सरकारी ऑनलाइन प्रणालीच २०१२ मध्ये सुरू झाल्यामुळे तेथे नोंद मिळणार नाही, आणि जेथून गोळ्या मिळत त्या आरोग्य केंद्रात इतकी जुनी रजिस्टरे नसल्याचे सांगण्यात आले. सांगलीतच थुंकी तपासून घ्या, असे कृपया सुचवू नये. बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल या कामी चालत नाही.

जिल्हा क्षयरोग केंद्राकडून इतक्या जुन्या उपचारांचा दाखला कोणाला मिळाला आहे का, त्यासाठी अर्जासोबत काय जोडावे लागले, आणि दाखला न मिळाल्यास जुनी फिल्म व प्रतिज्ञापत्र एवढ्यावर कोणाचे काम पुढे सरकले आहे का?