मदत हवी आहे: पाइप ट्रसच्या के-जॉइंटमध्ये हीलचा वेल्ड

छपराच्या ट्रससाठी के-जॉइंट आहे, म्हणजे एका मुख्य पाइपला (कॉर्ड) दोन तिरके पाइप (ब्रेस) जोडलेले. कॉर्ड १६८.३ × ४.५ मिमी, दोन्ही ब्रेस ८८.९ × ४.० मिमी, कोन ४५°, मध्यरेषा एकाच बिंदूत, त्यामुळे दोन ब्रेसमधली गॅप साधारण ४२ मिमी. भार स्थिर, फटीगचा (वारंवार बदलणाऱ्या भाराने येणाऱ्या थकव्याचा) प्रश्न नाही. कॉर्डच्या भिंतीची ताकद तपासली आहे, ती पुरते. अडचण फक्त वेल्डची.

ब्रेसची टोकं कॉर्डच्या गोलाईप्रमाणे प्रोफाइल कट करून चहूबाजूंनी फिलेट (कोपऱ्यात भरलेला त्रिकोणी) वेल्ड दिला. नमुना जॉइंट कापून मॅक्रो एचिंग केलं (कापलेला भाग ॲसिडने उठवून पाहिला): टो (ब्रेस-कॉर्डमधला कोन सगळ्यात मोठा असलेली बाजू) आणि दोन्ही बाजू स्वच्छ, पण हीलला, जिथे कोन सगळ्यात अरुंद, तिथे रूटला (वेल्डच्या तळाला) फ्यूजन नाही, म्हणजे धातू वितळून एकजीव झालेला नाही. २.५ मिमी ७०१८ (लो-हायड्रोजन) इलेक्ट्रोडने रूट रन (तळाचा पहिला थर) देऊन थोडा फरक पडला, पुरेसा नाही. ब्रेस आणि कॉर्डमधली फट वाढवली की बाजूंना भोक पडतं. डीपी टेस्टमध्ये (रंगद्रवाने पृष्ठभागावरचे दोष दाखवणारी चाचणी) हे दिसणारच नाही, आणि वेल्ड तपासणीच्या आयएसओ १७६४० मानकातली अल्ट्रासॉनिक पद्धत ८ मिमीपासून पुढच्या जाडीसाठी आहे.

पाइप बदलता येणार नाहीत. कोनही ठरलेला आहे.

एडब्ल्यूएस डी१.१ (अमेरिकन स्टील वेल्डिंग कोड) प्रमाणे हीलला झेड-लॉस (अरुंद कोनात रूटला न भरलेला म्हणून धरायचा भाग) वजा करून लेग (वेल्डच्या बाजूची लांबी) वाढवणं पुरेसं धरायचं, की फक्त तेवढ्या भागात ब्रेसच्या कडेला बेव्हल (तिरका उतार) द्यायचा? आणि प्रत्यक्ष जॉइंट न कापता हीलच्या रूटची खात्री तुम्ही कशी करता?