गॅरेजच्या कोब्यावरचा जुना थर टायरखाली उचलला जातोय, नवीन इपॉक्सी कसं करावं?

नवाकोबा

गॅरेज ३ मी. × ६ मी. आहे. काँक्रीट थेट जमिनीवर ओतलेलं आणि चांगलं जुनं. त्यावर एका डब्यात तयार मिळणाऱ्या 'इपॉक्सी पेंट'चे दोन हात रोलरने दिलेले आहेत. गाडीची चाकं थांबतात त्या चारही जागी पोपडे निघालेत, बाकी ठिकाणी रंग घट्ट वाटतो. मधोमध साधारण २ मि.मी. रुंद भेग आहे, शिवाय तेलाचे दोन जुने डाग.

आता रेझिन आणि हार्डनर असं दोन भागांचं इपॉक्सी करायचं आहे. जुना रंग जिथे घट्ट आहे तिथे त्याच्यावरच नवीन मारलं तर चालेल का? ऍसिडने धुणं पुरेसं आहे की ग्राइंडर लागेलच? आणि माल किती आणायचा?

दगडमाती

जुना रंग पूर्ण काढा. नवीन इपॉक्सी कितीही चांगलं असलं तरी खालच्या रंगाची पकड जेवढी, तेवढीच त्याची पकड. उलट जाड, कडक थर सुकताना खालच्या कमजोर रंगाला ओढतो, म्हणजे आज घट्ट दिसणारा भागही सुटायला लागतो. चाकांखालीच पोपडे का आले, तर चालून आलेला टायर गरम असतो, त्यातली मऊपणा आणणारी द्रव्यं रंगात उतरून त्याला नरम करतात, आणि टायर थंड होताना आकसतो तेव्हा चिकटलेला रंग खेचून घेतो. पातळ, एका डब्यातले रंग याला टिकत नाहीत.

ऍसिडचा प्रश्न इथे येतच नाही. ऍसिड फक्त उघड्या सिमेंटवर काम करतं. रंग, सीलर, क्युरिंग कंपाउंड (ताजं काँक्रीट लवकर वाळू नये म्हणून मारलेला थर), तेल यांतलं काहीही वर असेल तर ते नुसतं वरून वाहून जातं. ग्राइंडर भाड्याने घ्या. रंग काढायला साधे डायमंड सेगमेंट लावले तर रंग घर्षणाने वितळून त्यांच्यावर बसतो आणि कापणं बंद पडतं, म्हणून आधी पीसीडी सेगमेंट (रंग खरवडून काढणारे कृत्रिम हिऱ्याचे दाते), मग ३० किंवा ४० ग्रिटचे डायमंड. भिंतीलगत आणि कोपऱ्यात मोठं यंत्र पोचत नाही, तिथे हातातला १२५ मि.मी.चा ग्राइंडर, कपव्हील (वाटीच्या आकाराची डायमंड चकती) आणि त्यावर धूळ ओढणारं कव्हर. काम झाल्यावर हाताला ८०-१०० नंबरच्या काचपेपरसारखं खरखरीत लागलं पाहिजे. गुळगुळीत चमक म्हणजे यंत्राने पॉलिश केलंय, तिथे पुन्हा फिरवा.

काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. व्हॅक्यूम न जोडता कोरडं ग्राइंडिंग करू नका. कापडी मास्क इथे निरुपयोगी, एफएफपी३ दर्जाचा लावा.

तेलाचे डाग ग्राइंडिंगच्या आधी काढायचे, नाहीतर यंत्र तेल आणखी पसरवतं. डिग्रीझर टाकून ताठ ब्रशने घासा, ओलं असतानाच व्हॅक्यूमने ओढा, पुन्हा करा. वाळल्यावर डागावर पाण्याचे थेंब टाका. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर तेल अजून आहे. मिनिटभरात जिरला तर पुढे जा.

आणि या सगळ्याच्या आधी ओल तपासा. जमिनीवरच्या काँक्रीटमध्ये खालून वाफ येतच असते. जुना रंग तीन-चार जागी खरवडून ४५ सें.मी. चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा. किमान १६ तास, शक्यतो पूर्ण दिवस ठेवा. आतून दव दिसलं किंवा खालचं काँक्रीट गडद झालं तर थांबा. मात्र प्लास्टिक कोरडं निघालं म्हणजे सगळं ठीक असं नाही, थंड दिवसांत ही चाचणी फसवते. खात्री हवी असेल तर काँक्रीटमध्ये भोक पाडून सापेक्ष आर्द्रता मोजणारा प्रोब वापरा. बऱ्याच इपॉक्सींची मर्यादा ७५ ते ८०%च्या आसपास असते, नेमका आकडा तुमच्या मालाच्या माहितीपत्रकात मिळेल.

थर_जाडी

मालाचा हिशोब सोपा आहे: १ लिटर माल १ चौ.मी.वर पसरला की १ मि.मी. जाडी. घनांश (सुकल्यावर मागे राहणारा भाग) १००% असेल तर ओली जाडी तीच सुकलेली जाडी.

तुमचं क्षेत्र १८ चौ.मी. प्रायमर, म्हणजे काँक्रीटला धरणारा सर्वांत खालचा थर, १५० मायक्रॉन (०.१५ मि.मी.) धरला तर २.७ लिटर, पण घासलेलं काँक्रीट पितं, म्हणून ३.५ लिटर आणा. रंगीत थर ३०० मायक्रॉनला ५.४ लिटर, डब्याला आणि रोलरला लागलेला धरून ६ लिटर. वरचा थर सुकून १०० मायक्रॉन हवा असेल आणि घनांश ८०% असेल, तर ओला १२५ मायक्रॉन लागेल, म्हणजे सव्वादोन लिटर. अडीच आणा. रंगीत फ्लेक्स (शोभेच्या बारीक चकत्या) पूर्ण झाकून टाकायचे असतील तर चौरस मीटरला ५०० ते ७०० ग्रॅम लागतात, आणि मग वरच्या थराचा माल जवळपास दुप्पट धरा, कारण फ्लेक्सच्या खाचा भरायला तो खर्ची पडतो.

वरचा थर इपॉक्सीचा नको. इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं आणि दारालगतच्या पट्ट्यात खडूसारखं पूड सोडतं. वरच्या थराला उन्हात टिकणारं ऍलिफॅटिक पॉलियुरेथेन किंवा पॉलीअस्पार्टिक वापरा. ओल्या टायरने आत येणार असाल तर त्यातच बारीक ऍल्युमिनियम ऑक्साइड मिसळा, नाहीतर फरशी निसरडी होते.

सर्वांत जास्त कामं मिसळण्यात बिघडतात. प्रमाण वजनाचं आहे की आकारमानाचं, हे आधी पाहा. रेझिनची घनता १.५ आणि हार्डनरची १.० असेल, तर आकारमानाने २:१ म्हणजे वजनाने ३:१. काट्यावर २:१ तोललं तर हार्डनर दीडपट जातो आणि फरशी कायम चिकट राहते. अंदाजाने ओतू नका. 'लवकर सुकावं' म्हणून हार्डनर वाढवणं तर अजिबात नको.

रंगद्रव्य तळाशी बसलेलं असतं, म्हणून आधी रेझिनचा डबा एकटाच ढवळा. मग हार्डनर घालून मिनिटाला ३००-४०० फेऱ्यांच्या संथ ड्रिलने ३ मिनिटं, कडा आणि तळ खरवडत. नंतर सगळं दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून आणखी १ मिनिट. पहिल्या बादलीच्या भिंतीला न मिसळलेलं रेझिन राहतं. ती बादली फरशीवर पालथी घातली की तेवढे ठिपके महिनोन्महिने ओले राहतात.

मिसळलेला माल बादलीत ठेवू नका. साठा जितका मोठा तितकी आतली उष्णता वाढते, आणि २५ अंशांना अर्धा तास चालणारा माल ३५ला जेमतेम पंधरा मिनिटं देतो. ३-३ लिटरचे दोन घाणे करा आणि मिसळल्याबरोबर फरशीवर पट्ट्यात ओतून टाका. दातेरी स्क्वीजीने पसरवा, मग ९-१० मि.मी. केसांच्या, धागे न सोडणाऱ्या रोलरने आडवं-उभं. कडा आधी ब्रशने. पंधरा मिनिटांनंतर त्याच जागी रोलर नेला तर ठसे राहतात. चालायला खिळ्यांचे बूट लागतील. १००% घनांशाच्या मालात थिनर घालायचा नाही. हातात नायट्राइलचे मोजे हवेतच, इपॉक्सीची ऍलर्जी एकदा जडली की जात नाही.

रेझिनवाला

वेळेबद्दल वरच्या उत्तरात काही आलं नाही, म्हणून लिहितो. काँक्रीट तापत असताना प्रायमर लावला तर छिद्रांतली हवा फुगून वर येते आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. म्हणून प्रायमर दुपारनंतर, फरशी निवत असताना लावावा. फरशीचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं) किमान ३ अंश जास्त आणि हवेची आर्द्रता ८५%च्या खाली हवी. दमट, थंड हवेत सुकलेल्या थरावर तेलकट साय येते. ती कोमट पाण्याने धुऊन, वाळवून, घासूनच पुढचा थर द्यावा, नाहीतर दोन थर एकमेकांना धरत नाहीत.

दोन थरांमधलं अंतर साधारण १२ ते २४ तास. ते उलटून गेलं तर १०० नंबरच्या काचपेपरने चमक मारून, धूळ ओढून मगच पुढे.

भेगेच्या दोन्ही कडा एका पातळीत आहेत का, आणि ऋतूप्रमाणे ती उघडते-मिटते का, हे बघा. स्थिर असेल तर ग्राइंडरने ६-८ मि.मी. खोल व्ही आकारात उघडा, धूळ ओढा आणि इपॉक्सीत कोरडी सिलिका वाळू कालवून लांबीसारखी भरा. हलती असेल तर कडक भरणं टिकणार नाही. मुद्दाम कापलेले सांधेही असेच: ते बुजवू नका, थर झाल्यावर पुन्हा कापून लवचिक पॉलियुरिया (रबरासारखं भरण) भरा.

नवाकोबा

मागच्या भिंतीलगतच्या प्लास्टिकखाली काँक्रीट गडद झालं, बाकी तीन जागा कोरड्या. फक्त त्या कोपऱ्यात काही वेगळं करायचं का?

दगडमाती

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. एकाच भिंतीलगत ओल म्हणजे बहुधा बाहेरची जमीन फरशीहून उंच आहे, छपराचं पाणी तिथे पडतं, किंवा एखादा पाइप गळतोय. ते बंद करून काँक्रीट वाळू द्या आणि तीच चाचणी पुन्हा करा. मधल्या काळात तिथे पांढरी क्षाराची पूड येत राहिली तर पाणी अजून चालू आहे.

स्रोत सापडला नाही, किंवा बंद करूनही ओल राहिली, तर ओलसर काँक्रीटसाठी बनवलेला वाफरोधक इपॉक्सी प्रायमर घ्या. तो साध्या प्रायमरसारखा पातळ लावून उपयोग नाही. ४०० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे चौरस मीटरला ०.४ लिटर, आणि एकही भोक न सोडता. फक्त कोपऱ्यात नको, पूर्ण १८ चौ.मी.वर द्या. एका भागात वाफ अडली की ती शेजारच्या उघड्या भागाकडे सरकते आणि फोड तिथे येतात. म्हणजे वर सांगितलेल्या साडेतीन लिटर प्रायमरऐवजी तुम्हाला सव्वासात लिटरच्या वर लागेल, ८ लिटर आणा.

थर_जाडी

शेवटचा थर झाल्यावर २५ अंशांना पायी चालायला २४ तास, गाडी आणायला ७ दिवस. पॉलीअस्पार्टिक स्वतः लवकर सुकतं, पण खालचं इपॉक्सी तेव्हा पूर्ण पिकलेलं नसतं, त्यामुळे डब्यावर 'दुसऱ्या दिवशी गाडी' लिहिलं असलं तरी घाई करू नका. थंडीत आणखी तीन-चार दिवस थांबा.