युरोपातली जुनी धार्मिक छापचित्रं: घरोघरी भक्ती पोचली की द्वेष?

शाईवाला: लाकडी ठशावरून संतांची चित्रं छापली जाऊ लागली आणि देवाचं चित्र गरिबाच्याही भिंतीवर आलं. १४२३ साल कोरलेलं संत ख्रिस्टोफरचं छापचित्र बघा. दक्षिण जर्मनीतल्या बुक्सहाइमच्या मठात, एका हस्तलिखिताच्या बांधणीला आतून चिकटवलेलं सापडलं. बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा संत, हाताने भरलेले रंग, आणि खाली लॅटिनमध्ये चक्क हमी: ज्या दिवशी हे मुख पाहशील, त्या दिवशी वाईट मरण येणार नाही. म्हणजे पापांची कबुली न देता अचानक येणारं. मध्ये पाद्री नाही, दक्षिणा नाही! पोपविरोधी धर्मसुधारक ल्यूथरच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी या कागदांनी धर्म लोकांच्या हाती दिला, असं माझं ठाम मत आहे.

मुद्राराक्षस: पाद्री नाही म्हणता आणि सापडलं मठातच! बरं, जर्मनीतल्याच रेगेन्सबर्ग शहराचं काय? १५१९मध्ये तिथल्या ज्यूंना हाकललं, त्यांचं प्रार्थनास्थळ, सिनेगॉग, पाडलं. पाडताना जबर जखमी झालेला कामगार बरा झाला, तोच चमत्कार. लगेच त्या जागी मेरीचं चॅपल आणि यात्रेकरूंची रीघ. चित्रकार आल्टडॉर्फर स्वतः नगर परिषदेत होता. सिनेगॉग पडण्याआधी त्याने त्या इमारतीची दोन एचिंग, म्हणजे आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून छापलेली चित्रं, केली. एकात दारातून बाहेर पडणारी दोन माणसं, एकाच्या हातात जाडजूड ग्रंथ. दुसऱ्यावर मजकूर: देवाच्या न्याय्य निवाड्याने समूळ उद्ध्वस्त. मग यात्रेच्या त्याच मेरीचं अनेक ठशांचं रंगीत छापचित्रही त्यानेच केलं. ही तुमची भक्ती.

शाईवाला: द्वेष परिषदेचा, लाकडाचा नव्हे. त्याच यात्रेचं चित्रकार ओस्टेनडॉर्फरने केलेलं छापचित्र पाहा, मूर्तीभोवती लोक अंगात आल्यासारखे लोळताहेत. नामवंत चित्रकार ड्यूररने आपल्याजवळच्या प्रतीवर १५२३मध्ये लिहून ठेवलं की हे भूत धर्मग्रंथाविरुद्ध उठलंय, बिशपची परवानगी आहे आणि ऐहिक फायद्यापायी कोणी ते थांबवत नाही. छापचित्रावरच छापचित्राची झडती!

उंटावरचा शहाणा: ड्यूरर म्हणजे सामान्य माणूस नव्हे हो. ल्यूथरने भाषांतर केलेल्या बायबलच्या नव्या करारात, १५२२च्या सप्टेंबरातल्या आवृत्तीत, चित्रकार क्रानाखच्या चित्रमालिकेतल्या बाबिलोनच्या वेश्येच्या (बायबलमधलं पापाचं रूपक) डोक्यावर थेट पोपचा तिहेरी मुकुट होता. डिसेंबरच्या आवृत्तीत तो छाटून साधा केला. वाचकांना कोणी विचारलं? लोकांच्या हाती कागद आला, ठसा नाही.

शाईवाला: ठसेवाल्याच्या हाती तरी काय राहतं? १५८०मध्ये गोव्याहून गेलेल्या जेझुइट पाद्र्यांनी अकबराला अँटवर्पचं सचित्र बायबल दिलं. पुढे १६००मध्ये तेरा वर्षांच्या मुघल चित्रकार अबुल हसनने ड्यूररच्या येशूच्या क्रूसारोहणाच्या छापचित्रातला एकटा शिष्य योहान उचलला आणि आपल्या कुंचल्याने काढला. क्रूस गायब. बसा शोधत त्यात प्रचार.

मुद्राराक्षस: अबुल हसनच्या पाठीशी मुघल दरबार होता. रेगेन्सबर्गच्या ज्यूंनी केलेलं त्या यात्रेचं एक छापचित्र दाखवा, मग पुढे बोलू.